हरणीच्या उंचीचा अंदाज

केतकीच्या शाळेच्या सलवारीची दुमड जतनबाईंनी त्या हिवाळ्यात पुन्हा उसवली, आणि या खेपेला आत कापडच उरलेलं नव्हतं. सुई हातात धरून त्या ओट्यावर तशाच बसून राहिल्या. समोर अंगणात केतकी हरणी घोडीच्या पुढच्या पायाला लेप चोळत होती. पोरगी उकिडवी बसली होती, पण गुडघे पार कानांपर्यंत आलेले. हे आपण कुठेतरी पाहिलं आहे, असं जतनबाईंना वाटलं आणि मग आठवलं. नुकतं जन्मलेलं शिंगरू असंच दिसतं. धड एकाचं, पाय दुसऱ्याच कुणाचे.

त्यांनी सुई पदराला टोचून ठेवली. 

"आत्या, झाली का सलवार?"

"सलवार आहे तेवढीच आहे बाई. तूच थांबायचं नाव घेत नाहीस."

"मग बाबांना नवी आणायला सांग ना. वर्गात मला टॉवर म्हणतात. जवळ येऊन विचारतात, रेंज येते का म्हणून."

"तू काय सांगतेस?"

"सांगते, तुमच्या उंचीवर नाही येत." केतकी हसली आणि हरणीच्या दुसऱ्या गुडघ्याकडे वळली.

तापीकाठच्या वरखेड्यात गिरास्यांचं घर घोड्यांचं म्हणून ओळखलं जाई. नवरा वारल्यावर जतनबाई ऐन तिशीत माहेरी आल्या आणि धाकट्या भावाच्या, उदेसिंगच्या, घरात मिसळून गेल्या. पुढे उदेसिंगचं लग्न उशिरा झालं, केतकी झाली, आणि ती चालायला लागायच्या आतच तिची आई तापाने गेली. तेव्हापासून केतकीला आत्या म्हणजे सगळंच होतं. आता केतकी तेरा वर्षांची होती आणि आत्यापेक्षा वीतभर उंच.

जतनबाईंच्या वडिलांच्या वेळी, म्हणजे बापूंच्या वेळी, शिंगराची उंची दोरीने सांगत. शिंगराच्या पुढच्या पायाच्या कोपरापासून खुरावरच्या सांध्यापर्यंत दोरी ताणायची, मग खालचं टोक सोडून तीच दोरी कोपरापासून वर न्यायची. जिथे टोक पोचेल, तिथे घोडं मोठेपणी पोचणार. आयाळ संपते तिथल्या उंचवट्यापासून दोरी किती वर जाते, ते पाहायला मार्गशीर्षातल्या सारंगखेड्याच्या यात्रेत माणसं कोंडाळं करून उभी राहत. लहानगी जतन त्या कोंडाळ्यात बापूंच्या धोतराला धरून उभी असे. मग रुमालाखाली बोटं दाबून सौदा होई, आणि कुणी कितीला दिलं ते वाऱ्यालाही कळत नसे. दोरी चुकायची. कधी दोन इंच इकडे, कधी तीन इंच तिकडे. बापू म्हणत, "दोरी खरं सांगते, पण कानात सांगते. ज्याला ऐकू येईल त्याने घ्यावं." शिंगरू बुटकं निघालं तर कुणी भांडायला येत नसे. त्याला टांग्याला जोडत, नाहीतर घरच्या पोरांना बसायला ठेवत.

मग पट्टा आला.

कापडाचाच तो, हातभर लांबीचा. शिंगराच्या गुडघ्याला बांधायचा. आतून आपल्याला ऐकू न येणारा आवाज हाडात सोडतो आणि परत आलेल्या आवाजावरून आतलं चित्र काढतो. लांब हाडाच्या टोकाशी कूर्चेची, म्हणजे मऊ हाडाची, एक पातळ चकती असते. ती जिवंत आहे तोवर हाड लांबत जातं. तिचंही हाड झालं की वाढ संपली. पट्टा ती चकती मोजायचा, शिंगराच्या कानाला टोचून काढलेला रक्ताचा एक थेंब तपासायचा, आणि त्या दोन्हींवरून सांगायचा की हे घोडं अमुक इंच होणार. बाईचा गोड आवाज होता त्याला. चूक झाली तर बोटाच्या जाडीएवढी.

पहिल्या वर्षी लोकांना गंमत वाटली. पुढच्या यात्रेपासून पट्ट्याचा आकडा विचारल्याशिवाय कुणी शिंगराला हात लावेनासं झालं. त्याच्या पुढच्या यात्रेत बुटकी शिंगरं दिसलीच नाहीत. ती कुठे गेली, हे कुणी कुणाला विचारलं नाही. जतनबाईंनी एकदा उदेसिंगला विचारलं होतं. तो म्हणाला, "आक्का, जेवताना असलं काही काढू नको."

पट्ट्यामागोमाग लेप आला. आकडा कमी निघाला तर तो वाढवायचा लेप. चकती मिटायची वेळ लांबवायची, एवढंच त्याचं काम. हरणीची आई साठ इंची. पट्ट्याने हरणीला एकसष्ट सांगितले, आणि लेप लावला तर पासष्ट. पासष्टावर सौदा झाला. येत्या यात्रेला घोडी न्यायला मालक येणार होता.

लेपाच्या डब्यावर हातमोज्यांचं चित्र होतं आणि डब्यात मोजेही होते. पहिल्याच दिवशी ते रबर पायाला लागताच हरणीने लाथ झाडली आणि डबा गोठ्याच्या पत्र्यावर आदळला. जतनबाईंनीच ते मोजे काढून कोपऱ्यात टाकले. गिरास्यांच्या घरात घोड्याला उघड्या तळव्यानेच चोळायचं, ही पिढ्यांची रीत. शिंगराला हात ओळखू यावा लागतो. हात ओळखला नाही तर ते माणूस ओळखत नाही, आणि माणूस न ओळखणारं घोडं वरातीत नवरदेवाला चिखलात पाडतं. सुरुवातीचे काही महिने जतनबाईंनीच लेप चोळला. उन्हाळ्यात त्या न्हाणीघरात नुसत्या घसरल्या आणि मनगट मोडलं. मग केतकीने डबा हातात घेतला.

संक्रांतीच्या आसपासची गोष्ट. उदेसिंग हरणीच्या गुडघ्याचा पट्टा सोडून आत चहा प्यायला आला होता. बाहेरून केतकीने हाक मारली, "बाबा, आत्या, इकडे या, गंमत बघा." तिने पट्टा स्वतःच्या गुडघ्याला गुंडाळला होता आणि बोटाला टाचणी टोचून थेंबही दिला होता.

पट्टा क्षणभर घुमला. मग तो गोड आवाज म्हणाला, "मादी शिंगरू. चकत्या उघड्या आहेत. लेप उत्तम लागू पडतो आहे. अंतिम उंची आताच सांगता येत नाही. लेप चालू ठेवा."

केतकी हसता हसता ओट्यावर आडवी झाली. "मादी शिंगरू म्हणाली मला."

उदेसिंगही हसला. "बरोबर आहे. खाणं तसंच आहे तुझं."

जतनबाई हसल्या नाहीत. त्या केतकीच्या तळव्यांकडे पाहत होत्या. लेपाने ते मऊ आणि पांढुरके झाले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शबानाला निरोप धाडला. डॉ. शबाना तडवी पंचक्रोशीतल्या गुरांची डॉक्टर. लहानपणी ती यांच्याच अंगणात तट्टावर बसायला शिकली होती. तिने आधी हरणीला तपासलं, पाय हाताने दाबून पाहिले आणि नापसंतीने मान हलवली. मग जतनबाईंनी पट्टा काय म्हणाला ते सांगितलं.

"लेप कोण लावतं, मावशी?"

"केतकी."

"मोजे घालून ना?"

 शबानाने केतकीचे हात उलटेपालटे करून पाहिले.

"तिच्या आधी कोण लावत होतं?"

"मी."

"आणि तुमचं मनगट कधी मोडलं?"

"उन्हाळ्यात," असं म्हणता म्हणता जतनबाईंनाच ते कळलं. 

शबाना ओट्यावर बसली आणि शाळेतल्या मास्तरणीसारखं सावकाश सांगू लागली. "मावशी, चकती आपोआप मिटत नाही. तिला मिटायचा निरोप यावा लागतो. अंगात एक रस तयार होतो, मादीला मादी करणारा. घोडीतही तोच आणि बाईतही तोच. तो वाढला की पोर वयात येते आणि चकत्या मिटायला लागतात. हा लेप तो रस तयारच होऊ देत नाही. निरोप जात नाही, म्हणून चकती उघडी राहते. पण त्याच रसावर हाडाची घनताही अवलंबून असते. रस नाही तर हाड लांबतं, आणि आतून पोकळ होत जातं. म्हाताऱ्या माणसाचं आधीच पातळ झालेलं असतं, ते लगेच मोडतं."

"आणि पोरीचं?"

"पोरीचं मला माहीत नाही. मी जनावरांची डॉक्टर आहे. धुळ्याला न्या, उद्याच न्या. आणि हरणीलाही लेप बंद करा. तिचे पाय मला आवडलेले नाहीत."

धुळ्याच्या डॉक्टरांनी केतकीच्या मनगटाचा एक्स-रे फोटो काढला. हात तेरा वर्षांच्या मुलीचा आणि चकत्या अकरा वर्षांच्या मुलीच्या. हाडं काचेसारखी दिसत होती, पलीकडचं दिसेल अशी. ते म्हणाले, औषध अंगातून गेलं की सगळं मार्गावर यायला हवं. 'हवं' या शब्दावर ते जरा अडखळले. असं पोर त्यांनी आधी पाहिलं नव्हतं. तोवर उड्या मारायच्या नाहीत, पळायचं नाही, पडायचं तर मुळीच नाही.

परतीच्या वाटेवर केतकी खिडकीबाहेर पाहत होती.  घाबरली असेल, असं जतनबाईंना वाटलं.

घरी आल्यावर भावाबहिणीची जुंपली.

"केतकीने हात लावायचा नाही, कबूल," उदेसिंग म्हणाला. "मी लावीन, मोजे घालून. पण हरणीचा लेप आता कसा बंद करू? शब्द गेलाय माझा. चौसष्टावर आलीय घोडी. एक इंच राहिलाय."

"शबाना म्हणाली तिचे पाय—"

"शबाना बकऱ्या बघते, आक्का. बापूंच्या मुलाला घोड्याचे पाय ती सांगणार?"

"बापूंनी घोडं कधी ताणलं नव्हतं."

"बापूंना कुणी आकडा विचारला नव्हता."

ते खरं होतं. पोर तरी सुटली, असं म्हणून त्यांनी मनाला समजावलं. लेपाचा डबा उदेसिंग गोठ्याच्या फळीवर ठेवू लागला. केतकी शाळेत जाई, येई, हळू चाले. जतनबाई तिला दूध देत, नाचणीची खीर देत, ती मुकाट पिई. अंगणात मांजर आडवं गेलं तरी जतनबाई त्याला हाकलायला उठत. पोरगी उंबरा ओलांडताना त्या श्वास धरून बसत.

फाल्गुन सरला, चैत्र सरला. शाळेचे कपडे पुन्हा आखूड झाले.

औषध अंगातून जायला वेळ लागत असेल, असं त्या स्वतःला सांगत राहिल्या. मग एका रविवारी दुपारी त्या केतकीची वेणी घालत होत्या. केतकी खालच्या पायरीवर बसली होती, गुडघे मुडपून पुढ्यात घेतलेले. उन्हाने ओटा तापला होता, आणि त्या उन्हात जतनबाईंना वास आला. कापूर आणि ओल्या चामड्याचा मिळून होतो तसा. तो वास त्यांच्या तळहातात महिनोन्महिने राहिला होता. विसरणं शक्य नव्हतं. वास तळव्यांना नव्हता. तो गुडघ्यांपासून येत होता.

त्यांचे हात वेणीत थांबले.

"केतकी, गुडघ्याला काय लावलंस?"

केतकीने गुडघे ओढणीखाली घेतले. "काही नाही."

"माझ्याकडे बघ."

तिने पाहिलं नाही. पण बोलली ते सगळं ठरवून ठेवल्यासारखं. "नाशिकच्या क्रीडाशाळेची निवड झाली ना सहावीत. व्हॉलीबॉलची. माझी सर्व्हिस सगळ्यांत चांगली होती, आत्या. सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. मग त्यांनी हाताला यंत्र लावलं. म्हणाले, ही पाच फूट एक इंचाच्या वर जाणार नाही. झालं. सर्व्हिस कुणी बघितलीच नाही नंतर."

"मग?"

"मग काय. हरणीचाही आकडा कमीच निघाला होता. तिला तुम्ही वाढवता. तिच्यासाठी डबे येतात. मला का नाही?"

"अगं, तिचं—"  जतनबाईंनी दुसरीकडून सुरुवात केली. "धुळ्याचे डॉक्टर काय म्हणाले, ऐकलंस ना?"

"ऐकलं. हवं म्हणाले. हवं म्हणजे त्यांनाही माहीत नाही. पट्ट्याला माहीत आहे. पट्टा म्हणाला, चालू ठेवा."

"पट्ट्याला तू शिंगरू वाटलीस, बाळा."

"वाटू दे. सरांच्या यंत्राला मी बुटकी वाटले होते, तेव्हा कोणी काही म्हणालं नाही."

जतनबाईंनी तिचं डोकं छातीशी धरलं. ते त्यांना मागे ओढून घ्यावं लागलं. त्यांना रडू येत नव्हतं. नुसती भीती वाटत होती. शत्रू बाहेरचा असता तर दार लावून घेतलं असतं. हा पोरीच्या मनात बसला होता, आणि तिथे तो त्या पट्ट्यासारखाच गोड बोलत होता.

गोठ्याच्या फळीवरचा तो लेपाचा डबा त्यांनी त्याच दुपारी परसात खड्डा करून पुरला. संध्याकाळी उदेसिंगला सगळं सांगितलं. तो गव्हाणीच्या कठड्यावर टेकला. मग म्हणाला, "माझा दुसरा डबा गाडीत आहे, कुलपात. तो तिच्या हाती लागणार नाही."  पण तो डबा फेकून देतो, असं तो म्हणाला नाही.

वैशाखातच हरणी पासष्ट इंच झाली. मालकाने निरोप धाडला, यात्रेपर्यंत कशाला थांबायचं, आताच येतो, चाल दाखवा. तो यायच्या आदल्या सकाळी उदेसिंगने हरणीला नदीकाठच्या वाळूत नेलं. केतकी आणि जतनबाई बांधावर उभ्या होत्या. केतकीला घरी ठेवलं असतं तर बरं, असं जतनबाईंच्या मनात आलं होतं. पण हरणी केतकीच्या हाताची. तिने एकदा कपाळावरून हात फिरवल्याशिवाय ती चालच धरत नसे.

आणि ती दिसत होती सुंदर. खोटं कशाला बोलायचं. कान एकमेकांना भिडलेले, मान मोराची, आणि पाय असे की खाली नदीच वाहत असावी. बापूंनी असली घोडी पाहिली असती तर डोळे पुसले असते. लगाम धरून उदेसिंग बाजूने धावत होता. हरणीने चाल धरली, पावलं नाचरी पडू लागली, आणि केतकी जतनबाईंच्या कानाशी म्हणाली, "बघ. हिला तर काही झालं नाही."

तेव्हा तो आवाज आला.

मोठा नव्हता. कपाशीची वाळलेली पऱ्हाटी गुडघ्यावर मोडावी, तेवढाच. हरणीने पुढचा पाय टेकवला होता, खड्डा नव्हता, दगड नव्हता, आणि गुडघ्याखाली पायाने वेगळीच दिशा घेतली. ती दोन पावलं तशीच चालली. तिलाही कळलं नव्हतं. मग ती पुढच्या बाजूने खाली आली आणि वाळूत आडवी झाली. ओरडली नाही. घोडं फार ओरडत नाही. मान उचलून ती आपल्या पायाकडे पाहू लागली, जणू तो तिथे कुणीतरी विसरून गेलं होतं.

उदेसिंगने तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि तिच्या डोळ्यांवर आपला हात धरला. "शबानाला बोलाव," तो म्हणाला. "आक्का, शबानाला बोलाव." मोडल्या पायाचं घोडं पुन्हा उभं राहत नाही, आणि शबानाला काय करायला बोलावतोय ते त्याला कळत होतं. जतनबाईंनी फोन लावला. शबाना पलीकडून फक्त "आले" म्हणाली.

फोन ठेवून त्या वळल्या, तर केतकी शेजारी नव्हती. ती बांधाखाली वाळूत बसली होती, दोन्ही हात मागे टेकवून, पाय पुढे पसरून. सलवार पोटऱ्यांच्या मध्यावर आलेली. ती हरणीकडे पाहत नव्हती. स्वतःच्या पायांकडे पाहत होती.

"केतकी, चल घरी. तू इथे नको."

ती हलली नाही.

"चल, बाळा."

"आत्या," केतकी म्हणाली. आवाज इतका बारीक होता की तो पाच वर्षांच्या पोरीचा वाटला. "मी उठू का?"

जतनबाईंना उत्तर माहीत नव्हतं. शबानाला माहीत नव्हतं, धुळ्याच्या डॉक्टरांना माहीत नव्हतं. पोरीच्या अंगात तो लेप अजून किती आहे, आतलं हाड किती पोकळ झालं आहे, हे त्या वाळूत सांगणारं कुणी नव्हतं. पण पोर वाट पाहत होती, आणि ऊन चढत होतं.

त्या हळूहळू बांधाखाली उतरल्या आणि तिच्या बाजूला गुडघे टेकून बसल्या.

"ऊठ. पण एकदम नको. सगळा भार माझ्यावर टाक."

"तुझा हात मोडेल."

"हात नको धरू. खांदा धर."

केतकीने आपला लांब हात त्यांच्या गळ्याभोवती टाकला. आधी एक पाय जवळ घेतला, मग दुसरा. दोघी एकमेकींवर रेलून, थांबत थांबत, वर आल्या. उभं राहताना जतनबाईंना तिच्या छातीचे ठोके आपल्या डोक्यापाशी ऐकू येत होते. मागे हरणी एकदा फुरफुरली आणि उदेसिंग तिला काहीतरी पुटपुटत होता.

"आता चाल," जतनबाई म्हणाल्या.

केतकीने पाऊल उचललं, आणि ते वाळूत टेकेपर्यंत दोघी कान देऊन उभ्या राहिल्या.